बालीत खरी हस्तकला कुठून घ्यावी: मार्केट कमी, गावं जास्त

तुम्ही आठ दिवसांसाठी बालीला जाताय, निम्मा मुक्काम कुटाकडे आणि निम्मा उबूडला, बरोबर सासूबाई आहेत, आणि विचारलंय की तिथल्या खऱ्या वस्तू, चित्रं, कापड कुठे मिळेल, उबूडच्या मार्केटमध्ये एका दिवसात सगळं उरकेल का आणि पंचवीस-तीस हजार रुपये पुरतील का. पैसे पुरतील, आरामात पुरतील. पण एका मार्केटमध्ये एका दिवसात उरकायचा विचार तेवढा सोडून द्या. मी पुण्यात हातमाग आणि हस्तकलेचं छोटं दुकान चालवते, चौदा वर्षं झाली बालीला माल आणायला जाते, आणि माझ्या ओळखीतले जे जे लोक तिकडून हिरमुसून परत आले ते सगळे एकाच ठिकाणी सगळं घेऊन आलेले होते.

आपल्याकडे कसं, पैठणी म्हटलं की येवला, लाकडी खेळणी म्हटलं की सावंतवाडी, चप्पल म्हटलं की कोल्हापूर, तसंच बालीत आहे, प्रत्येक कलेचं गाव ठरलेलं आहे. आणि तुमच्या सोयीची गोष्ट म्हणजे त्यातली निम्मी गावं एकाच रस्त्यावर एकामागोमाग एक येतात. कुटाजवळच्या देनपसार शहरातून उबूडकडे निघालात की आधी बातुबुलान, तिथे दगडाचं काम, मग चेलुक, तिथे चांदी, मग सुकावाती, तिथे मोठं मार्केट, मग बातुआन, तिथे चित्रं, मग मास, तिथे लाकूड, आणि मग उबूड. तुम्हाला कुटाहून उबूडला हॉटेल बदलायचंच आहे ना, तो अख्खा दिवस या रस्त्याला द्या, सकाळी लवकर निघा, सामान गाडीतच राहू दे.

गाडीवाल्याशी आधीच बोलून घ्या. तिकडे पद्धत अशी आहे की ड्रायव्हर ज्या मोठ्या शोरूममध्ये नेतो तिथून त्याला कमिशन मिळतं आणि ते तुमच्याच किमतीत चढवलेलं असतं. यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही, त्याचाही संसार आहे, पण म्हणूनच निघतानाच दिवसाचे पैसे नीट ठरवा, वर थोडे जास्त देईन म्हणून सांगा, आणि म्हणा की मोठ्या काचेच्या शोरूममध्ये नको, जिथे माणसं बसून काम करतायत अशा घरी ने. बहुतेक जण खुश होऊन नेतात, कुणाचा मामा कुणाचा चुलतभाऊ तेच काम करत असतो.

बातुबुलानला थांबायची गरज नाही. दगडी मूर्ती सुंदर असतात, दगड ज्वालामुखीचा, मऊसर, पण वजन बघता विमानातून आणणं शक्य नाही. गाडीतून बघून पुढे चला.

चेलुकमध्ये मात्र उतरा. इथे घरटी चांदीचं काम चालतं. त्यांची खासियत म्हणजे चांदीचे अगदी रव्याएवढे गोल दाणे करून ते एकेक करून पत्र्यावर बसवायचे आणि डाग देऊन पक्के करायचे, त्याला ते जावान म्हणतात. दाण्यांची रांग जवळून बघा, हाताच्या कामात दाणे सुटे सुटे दिसतात आणि मधे बारीक काळी फट असते, साच्यातून काढलेल्या दागिन्यात सगळं एकमेकांत वितळल्यासारखं दिसतं. ९२५चा शिक्का (म्हणजे ९२.५ टक्के चांदी) असायला हवा, नसेल तर घेऊ नका. कानातलं, अंगठी असं छोटं घ्या, मोठे सेट तयार करायला तिकडे मशीनचा आधार जास्त घेतात असा माझा अनुभव आहे.

सुकावातीचं मार्केट म्हणजे पासार सेनी. ऑफिसमध्ये वाटायला, शेजाऱ्यांना द्यायला जे काही दहा-वीस नग लागतात ते इथे घ्या, सरोंग (लुंगीसारखं गुंडाळायचं कापड), पंखे, पिशव्या, फ्रिजला लावायची चित्रं. उबूडच्या मार्केटमध्येही हाच माल असतो पण भाव चढा सांगतात. एक मात्र लक्षात ठेवा, इथला बराच माल बालीचा नसतोच, जावाहून किंवा लोंबोकहून आलेला असतो. बाटिक तर मुळात जावाची कला, सोलो आणि पकालोंगान ही त्याची गावं, बालीत मिळतं त्यातलं बरंचसं रेयॉनवरचं प्रिंट असतं. पन्नास-साठ हजार रुपियाला सरोंग मिळाला तर तो प्रिंटच आहे असं समजून घ्या, काही बिघडत नाही, बीचवर गुंडाळायला छान असतो. (एक लाख रुपिया म्हणजे आपले साधारण पाचशे ते सहाशे रुपये, आकडे ऐकून दचकू नका.)

घासाघीस इथे करायचीच, पण सकाळी करा. त्यांच्याकडे आपल्यासारखीच भवानी असते! पहिल्या गिऱ्हाईकाला परत पाठवायचं नाही, म्हणून आठ-नऊ वाजता गेलात तर खूप कमी भावात देतात, आणि मग ती बाई तुमची नोट हातात घेते आणि दुकानातल्या सगळ्या मालावरून टपटप फिरवते, तोंडाने लारिस लारिस म्हणत, म्हणजे खपू दे, खपू दे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला मंडईतल्या आमच्या भाजीवालीचीच आठवण झाली, पहिली नोट कपाळाला लावते ती. "बोलेह कुरांग?" एवढं म्हणायला शिका, थोडं कमी होईल का, आणि हसून म्हणा. पाटीवर "हार्गा पास" लिहिलं असेल तर तिथे भाव ठरलेला आहे, तिथे वाद घालू नका. आणि तुम्ही सांगितलेल्या भावाला ती हो म्हणाली की घ्यायचंच, मग नको म्हणणं फार वाईट दिसतं.

आता चित्रं. तुम्ही लिहिलंय की हॉलमध्ये लावायला एक चांगलं चित्र हवंय. मग आधी विकत घेऊ नका, आधी बघा. उबूडला पोचल्यावर पुरी लुकिसान म्युझियममध्ये दोन तास घालवा, १९५६ साली सुरू झालंय, गावाच्या मध्यातच आहे. १९३६ मध्ये उबूडच्या राजघराण्याने, गुस्ती न्योमान लेम्पाद यांच्यासारख्या कलाकारांनी आणि वॉल्टर स्पीस, रुडॉल्फ बोनेट या युरोपियन चित्रकारांनी मिळून पिता महा नावाची संस्था काढली होती, बालीच्या चित्रकलेने त्या काळात जे वळण घेतलं ते इथे भिंतीवर दिसतं. वेळ असेल तर नेका म्युझियमही. हे बघून झालं की डोळा तयार होतो, रस्त्यावरच्या दुकानात ठोकळेबाज भातशेतीची चित्रं टांगलेली असतात ती मग आपोआप नजरेआड होतात.

बातुआनची शैली म्हणजे कागद किंवा कॅनव्हासचा एकही कोपरा रिकामा नाही, झाडं, माणसं, देव, राक्षस, माकडं, सगळं बारीक रेषेत आणि रंग काळपट, आधी शाईने छटांवर छटा देत जातात आणि मग त्यावर पातळ रंग. एकेका चित्राला महिने लागतात. चित्रकाराला विचारा किती दिवस लागले, आणि किंमत त्या दिवसांशी ताडून बघा, मग ती महाग वाटत नाही. बजेट कमी असेल तर उबूडच्या वरच्या बाजूला केलिकी नावाचं गाव आहे, तिथली चित्रं वही-पोस्टकार्डाएवढी छोटी पण काम तितकंच बारीक, ती मी स्वतः सर्वात जास्त आणते कारण सुटकेसमध्ये बसतात आणि फ्रेम केल्यावर फार गोड दिसतात.

मासबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथे फसायला होतं, मी स्वतः फसलेय. पहिल्याच वर्षी एका मोठ्या दुकानातून हातभर लांबीचा गरुडाचा मुखवटा घेतला होता, पॉलिश असं की त्यात तोंड दिसावं. पुण्यात एप्रिलमध्ये एका दुपारी दुकानात मी एकटी होते, टच्च असा आवाज झाला, बघते तर कपाळापासून चोचीपर्यंत भेग. लाकूड ओलं होतं. बालीची हवा दमट, तिथे ते लाकूड वर्षभर काही करत नाही, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र आकसतं आणि फाटतं. तेव्हापासून मी मूर्ती आधी गालाला लावून बघते, ओलं लाकूड गार लागतं आणि आकाराच्या मानाने जड लागतं. लाकूड भट्टीत वाळवलंय का हे विचारा, चांगले कारागीर लगेच दाखवतात. आणि दोन-तीन वर्षं दुकानात पडून असलेला नग मिळाला तर तोच घ्या, त्याला जे फाटायचं ते फाटून झालेलं असतं. मोठ्या जाड नगापेक्षा पातळ कोरीव नग बरा.

लाकडाचं नाव विचारा. सुआर म्हणजे आपला पर्जन्यवृक्ष, तपकिरी, बाहेरून पिवळसर पट्टा. स्वस्तातल्या रंगवलेल्या मांजरी-बेडूक असतात ते अल्बेसियाचे, एकदम हलके. पांगाल बुआया नावाचं फिकट पिवळं सुंदर लाकूड असतं, त्याला मगरीचं लाकूड म्हणतात कारण खोडावर मगरीच्या पाठीसारखे काटेरी गोळे असतात. तुम्ही कोकणातले असाल तर हे झाड तुम्हाला चांगलं माहिती आहे, हे आपलं तिरफळ! बांगड्याच्या कालवणात घालतो तेच. आणि मुखवट्याचं खरं लाकूड पुले, म्हणजे आपली सातवीण. पुलेचं झाड त्यांना पवित्र, देवळाजवळ असतं, मुखवट्यासाठी लाकूड काढायचं तर दिवस बघून, पूजा करून, आणि झाड न पाडता तेवढाच तुकडा काढतात. देवळातले बारोंग (गावाचं रक्षण करणारा सिंहासारखा प्राणी) आणि रांग्दाचे (चेटकिणीचे) मुखवटे प्राणप्रतिष्ठा केलेले असतात, ते विकायचे नसतात, कुणी "देवळातला जुना आहे" म्हणून विकायला आला तर त्याच्याकडून घेऊ नका. नाटकातल्या पात्रांचे तोपेंग मुखवटे मात्र कारागिराच्या घरून खुशाल घ्या, म्हाताऱ्याचा मुखवटा फार सुंदर असतो.

दुसरा दिवस पूर्वेकडे द्या. हा दिवस सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका हाच लोक गाळतात, कारण तिकडे बीच क्लब नाहीत.

आधी क्लुंगकुंग. गावात कर्ता गोसा नावाचा राजवाड्यातला न्यायमंडप आहे, त्याच्या छताच्या आतल्या बाजूला भीमाची गोष्ट रंगवलीये, भीम पंडू आणि माद्रीचे आत्मे सोडवायला यमलोकात जातो ती, आणि पापी लोकांना काय काय शिक्षा होतात ते सगळं. सासूबाईंना मान वर करून बघायला थोडा त्रास होईल पण त्यांना गोष्ट सांगावी लागणार नाही. ही शैली जवळच्याच कामासान गावची. कापडाला तांदळाची खळ लावून उन्हात वाळवतात, मग कवडीने घासून घासून गुळगुळीत करतात, आणि मग त्यावर रेषा. न्योमान मांद्रा नावाचे मोठे चित्रकार होते इथे, २०१८ मध्ये गेले, त्यांनी गावातल्या मुलांना शिकवून ही कला टिकवली. कुणाच्याही अंगणात शिरा, बाई-माणूस बसून रंग भरत असतं. मला इथे दर वेळी कुडाळजवळच्या पिंगुळीची आठवण येते, आपली चित्रकथी, तेच मोठे डोळे, तेच रामायण-महाभारत, आणि पिंगुळीतही अशीच घरंच्या घरं हे काम करत आलीयेत. हॉलमधल्या चित्राचं मला विचाराल तर कामासानचं घ्या. कापड असल्यामुळे गुंडाळून आणता येतं आणि त्यात काय चाललंय ते घरी येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला कळतं. एकच सांगून ठेवते, जुन्या पद्धतीत पांढरा रंग डुकराच्या हाडाच्या राखेचा असतो, घरात चालणार नसेल तर आधी विचारा, आता बाजारचे रंग वापरणारेही आहेत.

क्लुंगकुंगच्या बाजारात वरच्या मजल्यावर एंदेकची दुकानं आहेत. एंदेक म्हणजे बालीचं इकत, आडवा धागा बांधून रंगवायचा आणि मग विणायचा. २०२१ पासून बालीत सरकारी आवाहन आहे की दर मंगळवारी एंदेक घालायचं, त्यामुळे बँकेत, शाळेत सगळे घालून दिसतात, आणि दिऑर या फ्रेंच फॅशन कंपनीनेही २०२१च्या उन्हाळी कलेक्शनमध्ये ते वापरलं. कुर्ता, ब्लाउज शिवायला उत्तम. हातमागाचा तुकडा घ्याल तर तीन-चार लाख रुपियापासून पुढे धरा. उलटसुलट करून बघा, दोन्ही बाजूंना रंग सारखा हवा, प्रिंट असेल तर मागची बाजू फिकी असते. जरीचं काम हवं असेल तर सिदेमेनला सोंगकेत मिळतं, महाग असतं, लग्नकार्याचं कापड ते.

वाटेत कुसाम्बाला किनाऱ्यावर पाच मिनिटं थांबा. काळी वाळू, त्यावर समुद्राचं पाणी शिंपडून वाळवतात, मग ती खारट वाळू धुऊन ते पाणी नारळाच्या चिरलेल्या पोकळ खोडात उन्हात ठेवतात, त्यात मीठ धरतं. आपल्या मिठागरांपेक्षा अगदीच छोटा पसारा, दोन-तीन झोपड्या. एक पिशवी मीठ घ्या, स्वयंपाकघरात रोज आठवण निघते.

आणि मग तेंगानान. चांदीदासाजवळ, करांगासेममध्ये. बालीतली सगळ्यात जुनी वस्ती म्हणतात त्यातलं हे गाव, दारात थोडे पैसे वर्गणी म्हणून देऊन आत जायचं. इथे गेरिंगसिंग विणतात. हे काय आहे ते सांगते. एंदेकमध्ये फक्त आडवा धागा बांधून रंगवतात, इथे उभा आणि आडवा दोन्ही, आणि विणताना दोन्हीवरचे डाग बरोब्बर एकमेकांवर यावे लागतात. हे काम जगात मोजक्याच देशांत होतं, आपल्याकडे पाटणचा पटोळा, जपान आणि इथे, इंडोनेशियात फक्त या एका गावात. आणि पटोळ्याशी नातं नुसतं नावापुरतं नाही, शेकडो वर्षं गुजरातचे पटोळे जहाजातून या बेटांवर येत होते, राजे लोक ते जपून ठेवायचे, इथल्या काही नक्ष्या त्यावरूनच आल्यात. फरक एवढाच की पटोळा रेशमी आणि हे सुती.

धागा आधी केमिरीच्या (जंगली अक्रोडाच्या) बियांच्या तेलात महिनाभर तरी मुरवतात. निळीचं काम शेजारच्या बुगबुग गावात होतं. लाल रंग येतो बारतोंडीच्या मुळापासून, त्याला कितीतरी वेळा बुडवावं लागतं, निळ्यावर लाल चढला की तो काळा होतो. मोठ्या कापडाला वर्षंच्या वर्षं जातात. बाई जमिनीवर बसलेली असते, मागाचा पट्टा तिच्या कमरेमागे, मागे रेलली की उभे धागे ताणले जातात, आणि दोन-चार ओळी विणून झाल्या की ती थांबते, हाडाच्या सुईच्या टोकाने एकेक धागा केसभर सरकवते, लालावर लाल येईपर्यंत. मी एकदा पाऊण तास शेजारी बसले होते, तेवढ्यात बोटभरसुद्धा कापड झालं नव्हतं. गेरिंगसिंग या नावाचा अर्थच आजार नको असा, अंगावर असलं की रोगराई लागत नाही ही श्रद्धा, दात कानशीने घासून सपाट करण्याच्या विधीपासून लग्नापर्यंत सगळ्याला ते लागतं.

खरा छोटा पट्टासुद्धा दहा-पंधरा लाख रुपियाच्या खाली मला कधी मिळाला नाही, मोठी कापडं त्याच्या कितीतरी पट. म्हणून दक्षिणेकडच्या एखाद्या दुकानात कुणी तीन लाखात "गेरिंगसिंग" देत असेल तर ते प्रिंट आहे किंवा साधं इकत आहे. तेंगानानमध्ये विणणाऱ्या बाईशी घासाघीस करू नका हो. विचारा, परवडत असेल तर घ्या, नसेल तर बघून हात जोडा, तिला वाईट वाटत नाही.

तुमच्या बजेटमध्ये तेंगानानमध्ये दोन गोष्टी नक्की बसतात. एक ताडपत्र. ताडाच्या पानाच्या पट्ट्यांवर माणूस छोट्या सुरीने रेषा कोरतो, तेव्हा काहीच दिसत नाही, मग भाजलेली केमिरी त्यावर घासतो, सगळं पान काळं होतं, आणि मग फडक्याने पुसतो की राम-सीता उभे राहतात. समोर बसून तुमचं नावही बाली लिपीत कोरून घेता येतं. दुसरी "आता" नावाच्या वेलीची पिशवी. ही जंगलातली वेल, ती चिरून घट्ट विणतात, उन्हात वाळवतात आणि मग नारळाच्या सोडणांच्या धुरावर धरतात, त्यानेच तो मधासारखा रंग येतो. नाकाला लावा, चुलीच्या धुराचा वास यायला हवा. वास नाही आणि रंग पॉलिशसारखा चकाकतोय तर ती दुसऱ्याच वेताची. माझी पहिली पिशवी बारा वर्षं रोज वापरात आहे, एक टाका उसवला नाही. सासूबाईंना हीच द्या.

खाण्याच्या वस्तूंचं थोडक्यात. किंतामानीची कॉफी घ्या, पावडर खूप बारीक असते, कपात थेट उकळतं पाणी ओतून गाळ खाली बसू द्यायचा. लुवाक कॉफी (उदमांजराने खाऊन विष्ठेतून टाकलेल्या बियांची) मी घेत नाही आणि कुणाला सांगतही नाही, ते प्राणी पिंजऱ्यात कोंडलेले बघवत नाहीत. कासवाच्या पाठीच्या वस्तू, प्रवाळ, मोठे शंख अजिबात नको, कस्टममध्येही अडकाल आणि समुद्राचंही नुकसान.

तारखा बघून जा. न्येपी हा त्यांचा शक वर्षाचा पहिला दिवस, साधारण आपल्या पाडव्याच्या आसपास मार्चमध्ये, त्या दिवशी विमानतळसुद्धा बंद. गालुंगान दर २१० दिवसांनी येतो, तेव्हा कारागीर आपापल्या घरच्या देवळात असतात, आठवडाभर काम बंदच धरा. तुमच्या तारखा ठरल्या की हे दोन्ही एकदा तपासा.

आणताना चित्र गुंडाळायचं तर रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, आत ठेवलं तर रंगाला चुण्या पडतात आणि पोपडे निघतात. प्लंबिंगच्या दुकानातला हातभर पीव्हीसी पाइप पुण्याहूनच घेऊन जा, दोन्ही बाजूंना टोपणं, तिकडे ऐनवेळी शोधत बसावं लागत नाही. मुखवटा सरोंगमध्ये गुंडाळून कपड्यांच्या मधोमध. घरी आल्यावर लाकूड लगेच एसीखाली किंवा खिडकीच्या उन्हात मांडू नका, पहिले दोन महिने कागदात सैल गुंडाळून कपाटात ठेवा आणि अधूनमधून उघडा, म्हणजे त्याला आपली हवा हळूहळू लागते. पावसाळ्यात बुरशीचा पांढरा थर दिसला तर घाबरू नका, कोरड्या ब्रशने झाडा आणि खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा.